रिकामी तिजोरी आणि नकाराची ताकद

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, नमस्कार.

१७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत पोचले तेव्हा फौज होती, तोफखाना होता, इब्राहिमखान गारद्यांसारखा माणूस होता. नव्हता तो पैसा. उत्तरेतला वसूल येत नव्हता, पुण्याहून हुंड्या पुरत नव्हत्या आणि शिपायांचे पगार थकले होते. शेवटी भाऊंनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवलं, वितळवलं आणि त्याचे रुपये पाडले. त्यावर किती दिवस निभणार? पुढे पानिपतावर अब्दालीनं रसद तोडली. दुआबातून, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखातून, पैसा आणि धान्य पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी मरू लागली, तेव्हा सरदार भाऊंच्या तंबूत गेले आणि म्हणाले, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. १४ जानेवारी १७६१ हा लढाईचा दिवस भाऊंनी निवडलेला नव्हता, तो भुकेनं निवडला.

पानिपतावर आपण अडीचशे वर्षं बोलतोय. विश्वासराव घोड्यावरून पडले, होळकर निघून गेले, यावर गावोगावी वाद होतात. त्या छताच्या चांदीवर मात्र फारसं कुणी बोलत नाही. आज मला तिच्यावर बोलायचं आहे.

राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की आपल्याला रणगाडे, विमानं, सीमेवरचे जवान आठवतात. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, मला आधी दुसरी गोष्ट दिसते. जो देश कुणालाही 'नाही' म्हणू शकतो, तो सुरक्षित. कर्ज देणाऱ्याला, शस्त्र विकणाऱ्याला, शेजाऱ्याला, मित्रालासुद्धा. आर्थिक संकट देशावर हल्ला करत नाही, ते देशाची नकार देण्याची ताकद काढून घेतं. कधी लढायचं, कुणाशी दोस्ती करायची, आपल्या बंदरात कुणाचं जहाज लागू द्यायचं, हे ठरवणं मग आपल्या हातात राहत नाही.

हे आपल्याच भूमीतल्या एका मुत्सद्द्याला नेमकं कळलं होतं. कोल्हापूरच्या गादीचे रामचंद्रपंत अमात्य, गगनबावड्याचे. १७१५ च्या सुमारास त्यांनी जे आज्ञापत्र लिहिलं त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. एक, साहुकार ही राज्याची शोभा, अडचणीच्या वेळी तेच उपयोगी पडतात, म्हणून त्यांना जपावं. आणि दुसरी, टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे इतर साहुकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांना भूमीचा लोभ आहे, सबब किनाऱ्यावर, खाडीच्या मुखाशी त्यांना जागा देऊ नये. प्लासीच्या चाळीस वर्षं आधी एक माणूस पन्हाळ्याच्या परिसरात बसून सांगतोय की व्यापार आणि राज्याची सुरक्षा वेगळ्या करता येत नाहीत. पैसा कुणाकडून घेताय यावर राज्य टिकणं अवलंबून आहे.

आता १९९१ कडे या. इथल्या ज्येष्ठांना ते वर्ष आठवत असेल. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तेल भडकलं. आखातातून येणारा पैसा आटला. कुवेत-इराकमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानानं परत आणावं लागलं, त्याचा आपण अभिमानानं उल्लेख करतो आणि तो रास्तच आहे. पण ती माणसं परत आली म्हणजे ती पाठवत होती ते पैसेही थांबले. आधीच वित्तीय तूट मोठी, परकीय कर्ज अल्पमुदतीचं, त्यात अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. जून १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती.

सोन्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत परत घेण्याच्या अटीवर विकलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं जवळजवळ ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. ज्या देशात घरातला सोन्याचा मणी गहाण टाकायची वेळ आली तरी बाईमाणूस रात्रभर झोपत नाही, त्या देशानं सरकारी सोनं विमानात घातलं.

पण त्या वर्षातली दुसरी एक घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू होत होतं. फिलिपिन्सच्या तळांवरून आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानांना भारतीय विमानतळांवर इंधन भरायला परवानगी दिली गेली. अलिप्ततेचं धोरण सांगणारा आपला देश, इराकशी जुने संबंध असलेला. संसदेत आणि बाहेर मोठा गदारोळ झाला आणि पुढच्या महिन्यात ते थांबलं. त्याच जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून भारताला सुमारे १८० कोटी डॉलर मिळाले. या दोन गोष्टींची उघड देवाणघेवाण झाली असं मी म्हणत नाही. चंद्रशेखर सरकारपुढे दुसरी राजनैतिक कारणंही असतील. मी एवढंच विचारतो, की ज्याच्या तिजोरीत काही आठवड्यांचे डॉलर आहेत आणि नाणेनिधीत ज्याच्या मताला सर्वांत जास्त वजन आहे तो देश दारात उभा आहे, त्या सरकारला 'नाही' म्हणणं किती सोपं होतं?

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. आपली विमानं, रणगाडे, पाणबुड्या बहुतांशी तिकडच्या. आतापर्यंतचा व्यवहार रुपये-रूबलमध्ये चालायचा. आता सुटे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले आणि प्रत्येकाला डॉलर हवे होते, तेही आपल्याकडे नसताना. नव्वदीच्या दशकात नवी खरेदी पुढे ढकलत नेली गेली. १९९९ मध्ये कारगिल झालं तेव्हा लष्करप्रमुख जनरल मलिक यांना जाहीरपणे सांगावं लागलं की आमच्याकडे जे आहे त्यानिशी आम्ही लढू. ते वाक्य शौर्याचं म्हणून आपण पाठ केलं. त्यात आठ वर्षांच्या काटकसरीचा हिशेबही आहे, तो वाचायला हवा. तोलोलिंग, टायगर हिल चढणाऱ्या जवानांनी त्यातला काही भाग स्वतःच्या रक्तानं फेडला, असं माझं मत आहे.

बाहेरच्या सुरक्षेबद्दल हे झालं. पण आर्थिक संकट आधी घर फोडतं. त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी कर्ज सढळ हातानं दिलं, शेतकऱ्यानं घेतलं, सरकारनं शेतसारा वाढवला. युद्ध संपलं, भाव कोसळले, सारा मात्र तसाच राहिला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली आणि ते लोण पुणे-नगरच्या गावांत पसरलं. लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता. कर्जखतं आणि रोखे शोधून शोधून त्यांच्या होळ्या केल्या गेल्या, माणसं फार मारली गेली नाहीत. लगेच पुढे १८७६ चा दुष्काळ आला. त्या दुष्काळातली उपाशी माणसं पाहून हिशेबखात्यात नोकरी करणारा एक कारकून बंडाला उभा राहिला. ते वासुदेव बळवंत फडके. ब्रिटिशांनी त्यांना पकडलं, एडनला पाठवलं, तिथेच १८८३ मध्ये ते गेले. आणि ज्या वर्षी त्यांना पकडलं त्याच १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदाही केला. बंदोबस्तासाठी पलटण पुरेशी नाही, सावकारी रोख्यालाही हात घालावा लागतो, हे परक्या सरकारलाही उमगलं होतं.

अमेरिकेतल्या युद्धानं सुप्याच्या बाजारात आग लागली. जागतिकीकरण हा शब्द तेव्हा नव्हता.

याच्या जोडीला जर्मनी ठेवून पाहा. पुष्कळांना वाटतं की १९२३ च्या महागाईनं हिटलर आणला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते, हे खरं. त्याच महिन्यात हिटलरनं म्युनिकमध्ये उठाव करून पाहिला, तो फसला, हेही खरं. पण पुढे चलन स्थिर झालं आणि १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला फक्त २.६ टक्के मतं पडली. मग १९२९ ची मंदी आली. १९३० मध्ये १८.३ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. या काळात बेकार झाले साठ लाख. आणि चॅन्सेलर ब्र्यूनिंग काय करत होते? पगार कापत होते, भत्ते कापत होते, कर वाढवत होते. अंदाजपत्रक सांभाळलं आणि प्रजासत्ताक गेलं.

त्याच सुमारास अमेरिकेतही दर चार कामगारांतला एक बेकार होता. तिथे हुकूमशहा आला नाही. म्हणून संकट आलं की युद्ध ठरलेलंच, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ओझं कुणाच्या खांद्यावर टाकलं जातं आणि ते टाकताना लोकांना कोण दोषी म्हणून दाखवलं जातं, यावर पुढचं सारं अवलंबून असतं. जर्मनीत ज्यू दाखवले गेले. आपल्याकडे उद्या संकट आलं तर कोण दाखवलं जाईल, याचा विचार प्रत्येकानं मनाशी आजच करावा.

जपानची कथा कमी सांगितली जाते. तिथला शेतकरी रेशमाच्या किड्यांवर जगत होता आणि ते रेशीम अमेरिकेत जायचं. १९२९ नंतर रेशमाचा भाव कोसळला, खेड्यांत उपासमार झाली, मुली विकल्या गेल्या. सैन्यातले अनेक तरुण अधिकारी आणि शिपाई याच खेड्यांतले होते. सप्टेंबर १९३१ मध्ये सैन्यानं मांचुरिया घेतला, तोसुद्धा स्वतःच्या सरकारला न विचारता. पुढे अर्थमंत्री ताकाहाशी यांनी देशाला मंदीतून बाहेर काढलं आणि आता लष्कराचा खर्च आवरा म्हणून सांगितलं. फेब्रुवारी १९३६ मध्ये बंडखोर सैनिकांनी त्यांच्या घरात शिरून त्यांना ठार मारलं. आशियातल्या पुढच्या दहा वर्षांच्या संहाराकडे मी त्या घरापासून पाहतो.

बलाढ्य देशांनाही यातून सूट नाही. १९५६ मध्ये ब्रिटन-फ्रान्सनं सुएझवर सैन्य उतरवलं. सैन्य पुढे सरकत होतं आणि लंडनमध्ये पौंड घसरत होता. अमेरिकेनं कळवलं, गोळीबार थांबेपर्यंत नाणेनिधीकडून मदत नाही. काही दिवसांत ब्रिटननं गोळीबार थांबवला आणि डिसेंबरात माघार घेतली. एका साम्राज्याला गोळी न झाडता परत पाठवलं गेलं. २००८ ची मंदी आल्यावर, फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख डेनिस ब्लेअर यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की तूर्त सर्वांत जवळची चिंता जागतिक आर्थिक संकट ही आहे. अल कायदाचा क्रम त्यांनी त्यानंतर लावला होता.

आपल्या शेजारी श्रीलंकेत काय झालं ते जरा सावकाश पाहू. २०१९ च्या ईस्टरला चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, पर्यटन मोडलं. त्याच वर्षाअखेर नव्या सरकारनं कर एकदम उतरवले. मग कोविड. मग २०२१ मध्ये रासायनिक खतांवर रातोरात बंदी, भाताचं पीक घसरलं. १२ एप्रिल २०२२ ला सरकारनं जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते आता देता येत नाहीत. पेट्रोलच्या रांगा, औषधं नाहीत, छपाईचा कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले, चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष लष्करी विमानानं मालदीवला गेले. ज्या राजपक्ष घराण्यानं तमिळ वाघांविरुद्धचं युद्ध जिंकलं होतं, ते गॅसच्या सिलिंडरपुढे हरलं.

आणि आता हंबनटोटा. २०१७ मध्ये हे बंदर एका चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलं गेलं, सुमारे ११२ कोटी डॉलरना. चीननं कर्जापोटी बंदर जप्त केलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते तसं झालं नाही. बंदराचं कर्ज श्रीलंकेच्या डोक्यावर तसंच राहिलं आणि आलेले डॉलर गंगाजळीत गेले, कारण हप्ते मुख्यतः आंतरराष्ट्रीय बाजारातल्या रोख्यांचे थकत होते. पैसा कुणालाही द्यायचा असो, विकायला हाताशी किनारा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनचं युआन वांग ५ हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज तिथे आलं. भारतानं हरकत घेतली, कोलंबोनं आधी पुढे ढकला म्हटलं, मग परवानगी दिली. त्याच वर्षी भारतानं श्रीलंकेला सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली होती. अमात्यांनी खाडीच्या मुखाबद्दल लिहिलेलं वाक्य मला त्या आठवड्यात वारंवार आठवत होतं. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेनं सैन्य दोन लाखांवरून २०३० पर्यंत एक लाखावर आणायचं ठरवलं.

पाकिस्तानबद्दल थोडंच बोलतो. २०२३ च्या सुरुवातीला त्यांची गंगाजळी सुमारे ३०० कोटी डॉलरवर आली होती, म्हणजे महिनाभराची आयातसुद्धा भागेना. ९ मे २०२५ ला, दोन देशांत प्रत्यक्ष हल्ले-प्रतिहल्ले चालू असताना, नाणेनिधीनं त्यांना सुमारे १०० कोटी डॉलरचा हप्ता मंजूर केला आणि भारत मतदानापासून दूर राहिला. शेजारी बुडतोय म्हणून आपल्याकडे टाळ्या वाजतात. मला ते पटत नाही. अण्वस्त्रं असलेला देश दिवाळखोर होणं ही आपल्या सुरक्षेसाठी चांगली बातमी नाही. गमावण्यासारखं काही उरलेलं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्या हातात अण्वस्त्रं नसावीत. आणि बांगलादेशात २०२४ मध्ये सुरुवात कशानं झाली? सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्यानं. ५ ऑगस्टला पंतप्रधानांना देश सोडावा लागला. आपल्या सुताचा एवढा मोठा गिऱ्हाईक अस्थिर झाला म्हणजे काय होतं, हे इचलकरंजीहून आलेल्या मंडळींना मी सांगायला नको.

मग गंगाजळी भरून ठेवली की झालं का? भारताकडे सप्टेंबर २०२४ मध्ये ७०० अब्ज डॉलरच्या वर साठा होता. १९९१ शी तुलना करता ही मोठीच कमाई आहे. पण रशियाकडेही ६०० अब्जांहून अधिक होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यावर त्यातला जवळपास अर्धा पाश्चात्त्य देशांनी गोठवला. रशियाच्या आक्रमणाचं मी समर्थन करत नाही, मी जगातल्या मध्यवर्ती बँकांनी त्यातून काय धडा घेतला ते सांगतोय. २०२३-२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ब्रिटनमध्ये ठेवलेलं सुमारे १०० टन सोनं मायदेशी आणलं. मार्च २०२५ अखेर आपल्या जवळपास ८८० टनांपैकी ५१२ टन देशात होतं. याला मी बंदोबस्ताचाच भाग मानतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, कारण हा विषय दिल्ली-वॉशिंग्टनचा नाही. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी आपल्याला माहीत आहे, गावाच्या नावातच सैनिक आहे. गडहिंग्लज, चंदगड, कागलमध्ये घराघरांत फौजी आहेत. कोविडच्या दोन वर्षांत सैन्यभरती थांबली. पहाटे उठून रस्त्यावर धावणाऱ्या पोरांची वयं निघून गेली. मग जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं सेवा, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये आणि पेन्शन नाही. सरकारनं कारण दिलं ते सैन्य तरुण करण्याचं. त्यात तथ्य आहे. पण २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाचे ६ लाख ८१ हजार कोटी आहेत आणि त्यातले १ लाख ६० हजार कोटींहून अधिक पेन्शनचे आहेत, हाही आकडा ही योजना समजून घेताना समोर ठेवायला हवा. तिजोरीची ओढाताण आणि सैन्याची रचना यांचा संबंध इथे थेट आपल्या अंगणात येतो.

लष्कराच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. तेवीस-पंचवीस वर्षांची, शस्त्र चालवायला शिकलेली, शिस्तीची मुलं गावात परततील. त्या वेळी बाजार कसा असेल? ट्रक-ट्रॅक्टरची मागणी उतरली की शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत पाळ्या कमी होतात, हे आपण २००८ नंतर पाहिलं आहे. त्या मुलांना काम मिळालं तर ती जिल्ह्याची ताकद आहेत. मिळालं नाही तर जर्मनीत १९१८ नंतर परतलेल्या बेकार सैनिकांच्या टोळ्यांनी काय केलं, ते इतिहासात लिहिलेलं आहे. आपली पोरं तशी होतील असं मी म्हणत नाही, पण ती वेळ त्यांच्यावर आणू नये.

म्हणून इथे बसलेल्या कारखानदारांना, सूतगिरण्यांच्या, दूध संघाच्या आणि साखर कारखान्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे. तालुकानिहाय किती मुलं कधी परतणार, ही यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून मागून घ्या. त्यांना वॉचमन म्हणून उभं करू नका. त्यातल्या पुष्कळांनी सिग्नल, वाहनदुरुस्ती, इंजिनिअरिंगचं प्रशिक्षण घेतलेलं असेल. त्यांना मशीन शॉपवर, क्वालिटीत, देखभाल विभागात घ्या. आणि बँकेच्या मंडळींनी एवढं पाहावं की हातात आलेले पावणेबारा लाख कुठल्या तरी दामदुप्पट योजनेत बुडणार नाहीत. असे एजंट आपल्या गावांत आधीच फिरू लागले असतील.

आता प्रश्न विचारा.